नगरच्या किल्ल्यातली ती कबर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अम्मींना घेऊन अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. अब्बांच्या इंतिकालाला आठ महिने झाले होते. अम्मी घराबाहेर पडायला तयार नसत. मौलाना आझाद जिथे कैदेत होते तो किल्ला पाहायचा आहे, असे सांगितले तेव्हा आल्या. "यांच्या उशाशी त्यांचंच पुस्तक असायचं," एवढेच म्हणाल्या.

नगरचा किल्ला भुईकोट आहे. आकार गोल आणि भोवती रुंद खंदक. दगडी तट सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने बांधला. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवून आत जावे लागते. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेसचे नेते इथेच आणले गेले. त्यांत नेहरू होते, पटेल होते आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतल्या मुलांना पाठ असते. मौलानांचे 'गुबार-ए-खातिर'ही इथलेच, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भल्या पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ही पत्रे. ती कैदेतून टपालात पडू शकली नाहीत. 1946 मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

नेत्यांच्या खोल्या पाहून झाल्यावर आम्ही सावलीला बसलो आणि मुलीला 11 एप्रिल 1943 चे पत्र आमच्या शब्दांत सांगितले. मौलाना कोलकात्याहून मुंबईला निघाले तेव्हा बेगम जुलैखा दारापर्यंत आल्या. खुदा हाफिजशिवाय काही बोलल्या नाहीत. डोळे कोरडे होते. पुढे त्या आजारी पडल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. जेलर वर्तमानपत्र घेऊन आला की मौलाना हसून ते टेबलावर ठेवायला सांगत आणि लिहीत राहत, जणू वाचायची काही घाईच नाही. हे सारे सोंग होते, अशी कबुली त्यांनीच पत्रात दिली आहे. सरकारकडे काही मागणे असेल तर कळवतो, असे अधिकाऱ्याने सुचवले, तेव्हा त्यांनी नकार दिला. 9 एप्रिलला बेगम गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार संपला.

आणि मग पत्राच्या शेवटाकडे एक कबर येते. आवारातली जुनी कबर, कोणाची ते माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा ती नजरेस पडली होती. आता मात्र तिच्याबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटू लागला. आदल्या संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि भावाचा मर्सिया लिहिणारा अरबी कवी मुतम्मिम बिन नुवैरा त्यांना आठवला.

मुलीने विचारले, "म्हणजे मौलाना रडले नाहीत?"

आम्ही समजावून सांगणार, तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "रडलेच की. कबरीकडं बघत बसले ना."

आम्ही वर्गात मराठी आणि उर्दू शिकवतो. दुःखाचा प्रसंग लिहा म्हटले की मुले अश्रूंचा पूर आणतात, काळजाचे तुकडे करतात, आणि आम्हीही बरे गुण देतो. आता वाटते, मुलांना विचारावे : त्या दिवशी अंगणात काय होते? टेबलावर काय पडले होते? तेवढेच लिहा. आठ महिने आम्हीही अम्मींना "रडून घ्या, मन मोकळं करा" असे सांगत होतो. त्या रोज अब्बांचा चष्मा पुसून ठेवतात, हे आम्हाला दिसत होते, पण त्याचा अर्थ लावायला नगरपर्यंत जावे लागले.

ती कबर आम्ही शोधली नाही. अम्मी म्हणाल्या, "राहू दे. कोणाचीही असो, फातिहा इथूनच पढू." आम्ही सर्वांनी हात उचलले.

नगरला गेलात तर किल्ला जरूर पाहा. ओळखपत्र सोबत ठेवा आणि जमले तर जाण्याआधी ते एक पत्र वाचा.