विमानाला रंग कुठला?

घर बांधून होत आलं की शेवटी रंगाचा वाद निघतो. पैसे संपलेले असतात, आणि आतापर्यंत गप्प बसलेली सगळी माणसं अचानक बोलू लागतात. घरी विमान बांधणाऱ्याचंही असंच होत असेल का?

कांदिवलीच्या चारकोपात कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं. पण नोंदणीचा अर्ज होता 2011 चा, आणि नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये! आम्ही फायलींतली माणसं. ही दोन सालं शेजारी वाचली की कुठलं टेबल, कुठला शेरा, सगळं डोळ्यांपुढे येतं.

गेल्या दिवाळीत सुरतेला मावसभावाकडे गेलो होतो. उधना-लिंबायत म्हणजे निम्मा खानदेशच. गल्लीत अहिराणी ऐकू येते, आणि इथून निघालेला रस्ता नवापूरवरून थेट धुळ्याला जातो. त्याच धुळ्यात ऑगस्ट 2020 मध्ये यादवांच्या विमानाचं पहिलं चाचणी उड्डाण झाल्याची बातमी आली होती. दादा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तीस वर्षं डाईंग मास्तर. विमानाचा विषय निघाला तर तो पहिल्यांदा काय विचारतो?

"कापड रंग पितं रे. पत्र्यावर तो नुसता बसतो. त्याचं वजन किती?"

प्रश्न नेमका होता. छोट्या विमानावर रंगाचे काही किलो चढतात, आणि तेवढंच सामान कमी न्यावं लागतं. त्याहून नाजूक गोष्ट शेपटीकडच्या आणि पंखांच्या हलत्या फळ्यांची. बिजागरीच्या मागे रंगाचा थर वाढला तर तोल बिघडतो, आणि वेगात ती फळी फडफडून तुटू शकते. म्हणून रंगकामानंतर त्या फळ्यांचा तोल पुन्हा तपासतात. फायबरचं विमान असेल तर आवडीनिवडीला फारशी जागाच नाही. गडद रंग उन्हात तापतो, आतली राळ मऊ पडते. त्यामुळे ती बहुतेक पांढरीच. मनाला येईल तो रंग फासला, असं इथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र मालकाच्या हातात नसतेच, ती नोंदणीची अक्षरं. ती रोमनच हवीत, पंखाखाली निदान 50 सेंटीमीटर उंच, आणि मागच्या रंगावर उठून दिसतील अशी. 'व्हीटी' ही आपल्या देशाची खूण ब्रिटिश अमलापासूनची. आमच्या दाबोळीवरून 1955 ते 1961 पोर्तुगिजांच्या कंपनीची विमानं उडत, त्यांच्यावर 'सीआर-आय' असे. विमान तेच ठेवा, अक्षरं बदला, राज्य बदललं! यादवांना मिळालं व्हीटी-एनएमडी. त्यातलं 'एनएमडी' पंतप्रधान आणि तेव्हाचे मुख्यमंत्री यांच्या नावांवरून. सहा वर्षं थांबलेल्या माणसानं नावं कुणाची घालावीत, हे मी सांगणारा कोण? पण गच्चीवर राबलेल्या घरच्यांची आद्याक्षरं मला अधिक आवडली असती.

दादाला विचारलं, तू कुठला रंग दिला असतास?

"काहीच नाही. पत्रा घासून चकचकीत ठेवला असता."

तीस वर्षं रंगात हात बुडवलेला माणूस! मी म्हटलं, समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

"मग पुसत बसायचं," म्हणाला.