लोहगडवाडीचा डोंगर आणि चोरटी शेती

मळवली स्टेशनात उतरून भाजे गावावरून चढण धरलीत की गायमुख खिंड लागते. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि गडाच्या पायाशी लोहगडवाडी. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड एक. गड जरूर पाहा. पण आपण शेतकरी माणसे. इथल्या पाण्याकडेही जरा पाहू या.

ही डोंगररांग म्हणजे पाण्याची वाटणी आहे. एका अंगाचा पाऊस इंद्रायणीला जातो, दुसऱ्या अंगाचा पवनेला. पुढे दोन्ही पाणी भीमेलाच मिळते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून आणि मांजऱ्या खडकातून जिरलेले पाणी पावसाळा सरल्यावर झऱ्यावाटे बाहेर येते. याची किंमत जुन्यांना ठाऊक होती. लोहगडवाडीच्या एका लेण्यात २०१९ साली ब्राह्मी लिपीतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख सापडला. अर्हंतांना नमस्कार करून त्यात पाण्याच्या टाक्याचे दान नोंदले आहे.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या वनजमिनीवर लावलेली गांजाची शेती पोलिसांनी अनेकदा उपटून जाळली आहे. चोराला आडरान लागते, आणि पिकाला पाणी. म्हणजे घाव बसतो तो नेमका ओढ्याच्या उगमावर.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सरकारी जंगलांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. चोरट्या लागवडदारांनी झाडे तोडली, उतारावर वाफे खणले, झरे अडवून प्लॅस्टिकच्या नळ्यांनी पाणी पळवले. उंदरांचे विष आणि कार्बोफ्युरानसारखी जहाल औषधे रानात टाकली. ती खाऊन रानटी जनावरे मेली.

तिथल्या लोकांनी यातून एक धडा घेतला. रोपे उपटली म्हणजे काम संपले असे होत नाही. नळ्या तशाच राहिल्या तर झरा वाहतच राहतो, पण ओढ्यात नव्हे. आणि आयती सोय पाहून चोरही परततो. म्हणून जाणकार माणसे आधी विषाचे डबे जपून उचलतात. मग नळ्या गुंडाळतात, अडवलेला झरा मोकळा करतात आणि कचरा बाहेर काढतात. वाट नसेल तिथे तो हेलिकॉप्टरने उचलावा लागतो. रोपे उपटायला एक दिवस पुरतो. वाहून गेलेली माती पुन्हा साठायला पिढ्या लागतात.

यापुढचे काम मात्र आपल्या ओळखीचे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, ओघळीत अनगड दगडांचे बांध, उघड्या मातीवर गवत, वर स्थानिक झाडे आणि काही वर्षे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी. वनजमिनीवर हे करायचे तर वनखात्याला सोबत घेऊनच करावे.

कायदाही ठाऊक असू द्या. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत कोणी गांजा लावल्याचे कळूनही जमीनधारक गप्प बसला, तर तोही शिक्षेस पात्र ठरतो. सरपंच आणि गावकामगार यांच्यावरही खबर देण्याची जबाबदारी आहे. तेव्हा डोंगरात अनोळखी नळी किंवा औषधाचे डबे दिसले तर हात लावू नका, एकट्याने जाब विचारायलाही जाऊ नका. पोलिसांना किंवा वनरक्षकाला कळवा.

लोहगडावर गेलात की तटावर थोडे थांबा आणि खाली पाहा. पवनेचे धरण, भाताची खाचरे, वाड्यांची कौले दिसतील. ज्या डोंगरावर तुम्ही उभे असाल, त्याच्यासारख्याच डोंगरांवर हे सारे जगते. सरकारी डोंगर म्हणजे बेवारशी डोंगर नव्हे. त्याचा सातबारा आपल्या नावावर नसेल, पण त्याचे पाणी आपल्याच विहिरीत येते.