चिन्हातला डोंगर

एम.ए.च्या वर्गात प्रतीक ही संकल्पना शिकविताना आम्ही सांगत आलो आहोत की, प्रतीक म्हणजे स्वतःपलीकडे बोट दाखविणारी वस्तू. बोलिव्हियाच्या राजचिन्हापाशी ही व्याख्या अडखळते. त्यात कॉन्डोर पक्षी आहे, तोफा-बंदुका आहेत, अल्पाका आहे. हे सारे राष्ट्रचिन्हांच्या रीतीला धरूनच. पण मधोमध उभा आहे तो पोतोसी शहराच्या माथ्यावरचा खराखुरा डोंगर, 'सेर्रो रिको', म्हणजे श्रीमंत डोंगर.

१५४५ मध्ये तेथे चांदी सापडली. पुढे स्पॅनिश सत्तेने 'मिता' नावाच्या वेठबिगारीने मूलनिवासींना पाळीपाळीने खाणीत उतरविले. 'पोतोसीच्या मोलाचे' हा स्पॅनिश भाषेत अमाप संपत्तीसाठी वाक्प्रचार झाला. (सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात जी परदेशी चांदी उतरत असे, तीत अमेरिकेतल्या खाणींचा वाटा मोठा होता. १६६४ च्या लुटीत या डोंगराचा काही अंश स्वराज्याच्या खजिन्यात आलाच नसेल, असे म्हणवत नाही.)

पर्यटकाला बोलिव्हियात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तितिकाका सरोवर आहे. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे युयुनीचे मिठाचे मैदान आहे. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचला की आकाश पायाखाली येते. या सुंदर स्थळांच्या यादीतच 'खाणदर्शन'ही असते. शिरस्त्राण चढवायचे, बाजारातून कोकाची पाने आणि चक्क सुरुंगाच्या कांड्या खाणकामगारांसाठी भेट म्हणून घ्यायच्या आणि बोगद्यात शिरायचे. आत 'एल तिओ', म्हणजे काका, या शिंगे असलेल्या पाताळस्वामीची मूर्ती असते. कामगार तिला कोका, मद्य, सिगारेट वाहतात. जमिनीवर देव येशू, जमिनीखाली काका. या वाटणीत आम्हांला कोणत्याही मिथकमीमांसेपेक्षा अधिक शहाणपण दिसते. तथापि धुळीने फुप्फुसे निकामी होत असलेल्या माणसांना पाहण्याचे तिकीट काढावे, हे मनाला पटत नाही.

राजचिन्हाच्या तळाशी दहा तारे आहेत. देशाचे विभाग मात्र नऊच. दहावा तारा १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने घेतलेल्या समुद्रकिनाऱ्याचा. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, समुद्रमार्गाबाबत वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही, असा निर्णय दिला. तारा तसाच राहिला. समुद्र नसलेल्या या देशाचे नौदलही आहे आणि त्याची जहाजे तितिकाकात फिरतात. बाहेरचे लोक याला हसतात. आम्हांला हसू येत नाही. गमावलेल्याची जागा राखून ठेवणे हे साहित्याचेही काम आहे.

प्रश्न आहे तो न गमावलेल्या डोंगराचा. २००९ च्या राज्यघटनेने विफाला हा मूलनिवासींचा बहुरंगी ध्वज राष्ट्रचिन्हांत घेतला. कांतुता आणि पातुहू ही डोंगराळ व सखल प्रदेशांची दोन्ही फुले घेतली. उशिरा का होईना, ज्यांचे पूर्वज 'मिता'त राबले त्यांना चिन्हांत जागा मिळाली. डोंगर मात्र पोखरला जातच राहिला. २०११ मध्ये त्याच्या शिखरालाच भगदाड पडले. युनेस्कोने १९८७ मध्ये पोतोसीला जागतिक वारसा ठरविले होते. २०१४ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त वारशांच्या यादीत घातले. समुद्र दुसऱ्याने नेला, म्हणून त्याचा तारा झाला. डोंगर आपल्याच हातांनी, पोटासाठी, रोज थोडा संपतो आहे. त्याच्यासाठी कोणता तारा कोरायचा?

बोलिव्हियाच्या नाण्यांवर हेच राजचिन्ह असते. त्यात डोंगराचे शिखर अजून अखंड आहे.