रकाना नसलेला आकडा

बदलीचा हुकूम हाती पडला, की सरकारी नोकराच्या संसाराचे दोन भाग पडतात : न्यावयाच्या वस्तू आणि विकावयाच्या वस्तू. आमची स्कूटर यंदा दुसऱ्या भागात गेली. ती भोपाळला न्यावयाची म्हणजे येथून ना-हरकत दाखला, तेथे बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि पुन्हा कर! बदलीच्या नोकरांची सोय पाहणारी 'बीएच' मालिका निघाली २०२१ साली; आमची गाडी २०१६ ची.

कोरमंगलाच्या केंद्रीय सदनातून परिवहन कचेरी फारशी दूर नाही. नमुना २९ च्या दोन प्रती व नमुना ३० समोर घेऊन आम्ही भरावयास बसलो. इंग्रजी नमुन्याच्या आरंभीच 'मी/आम्ही' असे छापलेले असून नको तो शब्द खोडावयाचा असतो. या पानांतून सदैव 'आम्ही' म्हणून मिरविणाऱ्या आम्हांला तेथे निमूटपणे 'आम्ही' खोडावे लागले. पुढे चासी क्रमांक, एंजिन क्रमांक, घेणाऱ्याचे नाव. गाडी आजवर किती चालली, हे मात्र कोणत्याच रकान्यात विचारलेले नाही.

आणि आमची अडचण नेमकी तेथेच होती. २०१९ साली मीटरची केबल तुटली, तेव्हा काटा ३१,२०६ वर थांबला. पुढे वर्षभर गाडी बिनमोजणीची धावली. मग जे. सी. रोडवरून आणलेले नवे मीटर बसविले आणि गाडी शून्यापासून पुन्हा तरुण झाली! आज मीटर २४,४१८ दाखविते. म्हणजे एका पैचीही लबाडी न करता आमच्या हाती एक उत्तम लबाडी आयती तयार होती.

"विचारलेच नाही, तर सांगता कशाला?" कचेरीतील एक स्नेही म्हणाले, "फाईलवर आपण दुसरे काय करतो?"

उत्तर सुचेना, म्हणून आम्ही कायदा चाळला. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मालकी बदलताना हा आकडा लेखी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. आमच्यासारख्यांचीही तेथे तरतूद आहे. दुरुस्तीनंतर जुना आकडा कायम राखता येत नसेल, तर मीटर शून्यावर आणावे आणि पूर्वीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवावी. स्कूटरला दार नसते, ही गोष्ट अलाहिदा! आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांना आपल्या ताब्यातील गाडीच्या प्रत्येक फेरीची किलोमीटरांसह नोंद ठेवावी लागते. पण एका कारकुनाने परक्या गृहस्थाला गाडी विकली, तर तेथे व्यापारीच नाही. अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडविणे ही फसवणूकच, असे १८६० च्या दंडसंहितेत होते व आजच्या न्यायसंहितेतही आहे. परंतु आमच्यावर खटला भरावयास कोण येणार होते?

रविवारी डोमलूरच्या आमच्या वसाहतीत गिऱ्हाईक आले. विशी-बाविशीचा कन्नड मुलगा, पाठीवर घरोघर जेवण पोहोचविण्याची मोठी पिशवी. "एष्टु ओडिदे, सार?" किती चालली, हा प्रश्न त्याने केला खरा, पण नजर मीटरकडेच गेली आणि आमच्या आधी मीटरनेच उत्तर दिले. त्याचा चेहरा खुलला. ठरलेले अठ्ठावीस हजार तो मोजू लागला. नोटा बहुतेक शंभराच्या होत्या. ही गाडी दिवसाला किती धावणार, याचा हिशेब आम्ही नको असताना करून बसलो.

मग टेबलाशी जाऊन आम्ही एका कोऱ्या कागदावर जुना आकडा, मधले बिनमोजणीचे वर्ष आणि नवे मीटर बसविल्याचा महिना लिहून खाली सही केली. आमच्या मोडक्या कन्नडात त्याला ते समजावण्यास दहा मिनिटे लागली. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. अखेर नोटांतून चार हजार काढून खिशात घातले, कागदाची घडी नोंदणीपत्राच्या वेष्टनात ठेवली आणि बॅटरी केव्हा बदलली, तेवढे विचारले.

सौभाग्यवतींना चोवीस हजारांचा आकडा सांगितला आहे. अठ्ठावीसचा अद्याप नाही. हा अंक घरी येण्यापूर्वी तोही सांगावा लागेल.