मकाऊमध्ये कुठे जेवावे?

परदेशवारीहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : काय पाहिले आणि काय खाल्ले? २०१८च्या मे महिन्यात आम्ही दोघे हाँगकाँगहून बोटीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या मकाऊला जाऊन आलो. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. १८३५च्या आगीत जळालेल्या सेंट पॉल चर्चची एकटीच उरलेली दर्शनी भिंत, सेनादो चौकातली लाटांच्या नक्षीची फरसबंदी, निळ्या-पांढऱ्या टाइलांवर चिनी आणि पोर्तुगीज भाषांत लिहिलेली रस्त्यांची नावे, आणि या सगळ्यांहून उंच असे जुगाराचे महाल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र आम्हांला काही वर्षे लागली.

त्याचे कारण आमच्या घरात आहे. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. भाषा एक, विषय एक. पण आमच्यापैकी एक साताऱ्याकडच्या कडक शाकाहारी घरातला आणि दुसरी वेंगुर्ल्याची. लग्न झाले तेव्हा स्वयंपाकघराची रीतसर वाटणी झाली. माशांची भांडी वेगळी, तवा वेगळा, इतकेच काय, शेगडीही वेगळी आणि तीही गॅलरीत. वडीलधाऱ्यांच्या इच्छेला मान म्हणून केलेली ही व्यवस्था ती मंडळी गेल्यानंतरही तशीच राहिली. मकाऊला निघण्याच्या आदल्या वर्षी मुलीला शाळेत 'आमच्या घरचा पारंपरिक पदार्थ' लिहून आणायला सांगितले होते. तिने आम्हां दोघांना वेगवेगळे विचारले, दोन वेगळी उत्तरे मिळाली, आणि तिने वहीचे पान कोरेच ठेवले. ते पान मनात घेऊनच आम्ही गेलो होतो, असे आज वाटते.

मकाऊच्या जेवणाचा विचार करताना थोडा इतिहास आवश्यक आहे. पोर्तुगीजांनी तिथे १५५७मध्ये कायमचा तळ टाकला आणि २० डिसेंबर १९९९ रोजी तो प्रदेश चीनच्या स्वाधीन केला. १८४४पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या अधीन होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. लिस्बनहून निघालेले गलबत आफ्रिका, गोवा, मलाक्का असे थांबे घेत मकाऊला पोहोचे. त्या वाटेवरच्या बंदरांत लग्ने झाली, संसार थाटले गेले. या संसारांतून जो मिश्र समाज उभा राहिला तो मकानीज समाज, आणि त्याच्या घरांतला स्वयंपाक तो मकानीज स्वयंपाक. पोर्तुगालचे सॉसेज मिळेना तेव्हा चिनी सॉसेज आले, मिठाच्या जोडीला सोयाबीनचा सॉस आला, मलाक्काहून नारळाचे दूध आले, भारतातून हळद आली.

म्हणून तिथे जेवायला जाणाऱ्याने प्रथम एक भेद लक्षात ठेवावा. मकाऊमध्ये अस्सल कँटनी जेवण मिळते, अस्सल पोर्तुगीज जेवणही मिळते. या दोहोंहून निराळे ते मकानीज. पाट्या फसव्या असतात. 'पोर्तुगीज कोंबडी' नावाचा नारळाच्या दुधातला, हळदीने पिवळाधमक झालेला पदार्थ पोर्तुगालात कोणी ओळखणार नाही. आपल्याला मात्र तो पाहताक्षणीच ओळखीचा वाटतो.

ही कोंबडी आम्ही 'लितोराल' या उपाहारगृहात मागवली. ते आ-मा देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रुआ दो आल्मिरांते सेर्जियो या रस्त्यावर आहे. 'आ लोर्शा' हे दुसरे नामांकित ठिकाणही त्याच रस्त्यावरचे. जवळच्याच टेकडीवर कमानींच्या लांब ओसऱ्या असलेली एक पिवळी-पांढरी इमारत आहे. तिला 'मुरांची बराक' म्हणतात. १८७४ साली ती बांधली ती गोव्याहून आणलेल्या भारतीय शिपायांसाठी. ती पाहून आम्ही जेवायला बसलो होतो, आणि शेजारच्या टेबलावर चिंच व 'बालिशांव' घातलेले डुकराचे मांस आले. बालिशांव म्हणजे खारवून आंबवलेली कोळंबी. गोव्याचे बालशांव ते हेच, निदान नाव तरी तेच. दोन्ही शब्दांचे मूळ मलय भाषेत सांगतात. तो दर्प आला मात्र, आमच्यातली वेंगुर्लेकरीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "सुकटाचा वास. आपल्या घरात हा सोळा वर्षे गॅलरीत राहिला."

यावर आमच्यातल्या सातारकराला काही उत्तर सुचले नाही. खरे तर उत्तर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही 'रिकशो'मध्ये गेलो. मकानीज घरगुती जेवण खायचे तर हे ठिकाण, असे आम्हांला आधीच कळले होते. थाटमाट काही नाही. आपल्याकडच्या एखाद्या कार्यालयाच्या कँटीनसारखे साधे. ते सुरू करणाऱ्या आयदा द जेझुस यांनी तेव्हा वयाची शंभरी ओलांडली होती. त्यांची भेट झाली नाही. २०२१मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, त्या गेल्या. तिथे 'मिंची' खायची. खिमा, सोयाबीनचा सॉस, तळलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी, सोबत भात आणि वर तळलेले अंडे. नाव बहुधा इंग्रजी 'मिन्स'वरून आलेले. प्रत्येक घराची मिंची वेगळी, आणि प्रत्येकाच्या मते आपल्या घरची खरी.

आमच्यातला सातारकर अंड्यापर्यंत आलेला आहे, खिम्यापर्यंत नाही. वाढणाऱ्या बाईंना हे समजावून सांगताना आमचे इंग्रजी आणि त्यांचे इंग्रजी दोन्ही संपले. त्यांनी आत जाऊन खिम्यात अद्याप न मिसळलेल्या फोडींचे भांडे आणून दाखवले आणि विचारले, "बताता?" आम्ही दोघे एका सुरात म्हणालो, "बटाटा!" त्या हसल्या. भात, अंडे आणि बटाटा असे ताट समोर आले. चारशे वर्षांपूर्वी एकाच जहाजी लोकांनी दोन किनाऱ्यांवर उतरवलेला शब्द त्या दुपारी आम्हांला जेवू घालून गेला. पाव, काजू, अननस, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, असे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. ते ज्ञान पोटात गेले ते मात्र प्रथमच.

मग आम्हांला अस्सलपणाचे वेडच लागले. 'आफ्रिकन कोंबडी' तीन ठिकाणी पाहिली. एके ठिकाणी ती भाजलेली, दुसरीकडे शेंगदाणे-नारळाच्या दाट रश्शात बुडालेली, तिसरीकडे नुसती तिखटजाळ. ती १९४०च्या दशकात इथल्याच एका हॉटेलच्या आचाऱ्याने रचली, असे सांगतात. कोलोआनच्या शांत गावात 'लॉर्ड स्टोज बेकरी' आहे. तिथली अंड्याच्या कस्टर्डची, वरून करपवलेली टार्ट मकाऊची ओळख म्हणून जगभर गाजली. ती १९८९मध्ये तिथे प्रथम भाजली अँड्र्यू स्टो या इंग्रज औषधतज्ज्ञाने. पोर्तुगीज पदार्थाला त्याने इंग्रजी कस्टर्डचे वळण दिले. मूळ शोधू जावे तर हाती दुसरेच मूळ लागते. त्या गावाच्या चौकात बसून आम्ही दोघांनी मिळून सहा टार्ट खाल्ल्या आणि शोध सोडून दिला.

या समाजाची 'पातुआ' नावाची बोलीही अशीच : पोर्तुगीज सांगाडा, त्यात मलय, कँटनी आणि भारतीय भाषांतले शब्द. बोलणारे तिला 'गोड बोली' म्हणतात. युनेस्कोने २००९मध्ये तिची नोंद अत्यंत संकटग्रस्त भाषांत केली. तिची एक बहीण आपल्या रायगड जिल्ह्यात कोर्लईला अजून बोलली जाते. मकाऊला २०१७मध्ये युनेस्कोने पाककलेचे नगर म्हणून गौरवले आणि २०२१मध्ये मकानीज पाककला चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेली. ही मोठीच गोष्ट. पण यादीत गेलेला पदार्थ रोज कोणी तरी रांधावा लागतो. उत्तरपत्रिकेतल्या भेसळीचे गुण कापण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. ज्या भेसळीने एका समाजाला त्याचे स्वतःचे जेवण आणि स्वतःची भाषा दिली, तिच्याकडे पाहताना तो लाल पेन काही दिवस तरी जड वाटला.

तेव्हा, मकाऊमध्ये कुठे जेवावे? सवड असेल तर मंदिराकडच्या रस्त्यावर, उन्हे कलल्यावर कोलोआनला; पण एकच जेवण घेता येणार असेल तर जिथे मिंची साध्या ताटलीत वाढतात तिथे.

घरी परतल्यावर गॅलरीतली शेगडी आत आली. त्यासाठी भांडण झाले नाही, चर्चाही झाली नाही. सातारकर आजही मासे खात नाही; वासाला आता त्याची हरकत नसते.

गेल्या वर्षी वसतिगृहातून मुलीचा फोन आला. तिला घरची आमटी करून पाहायची होती, कृती लिहून हवी होती. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की ही कृती आम्हां दोघांपैकी कोणालाही एकट्याला येत नाही. गोडा मसाला साताऱ्याचा, ओल्या नारळाचे वाटण वेंगुर्ल्याचे. आणि तुरीच्या आमटीत गोड्या मसाल्याच्या जोडीला बांगड्याच्या कालवणात पडणारी तिरफळे कोणी, कधी घातली हे दोघांनाही आठवेना. आमच्या दोन्ही आज्यांनी ती आमटी आपली म्हणून ओळखली नसती. तिरफळ हे चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिरीचे जवळचे नातलग आहे, हे लिहिता लिहिता आठवले आणि आम्ही दोघेही हसलो.

कृतीला नाव काय द्यावे यावर बराच वेळ गेला. अखेर 'घरची आमटी' असेच लिहिले. तिरफळे किती, यावर एकमत झाले नाही. एकाचे म्हणणे चार, दुसरीचे सहा. कागदावर आम्ही लिहिले : चार ते सहा.