विंचवाचं बिऱ्हाड

मागच्या जानेवारीत आम्ही दोघं आई-बाबांना घेऊन बडोद्याहून न्यूझीलंडला गेलो. जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. राजधानी वेलिंग्टनमध्ये तीन दिवस, आणि मग कॅम्परव्हॅननं क्राइस्टचर्चपर्यंत, असा बेत होता.

वेलिंग्टन पायी फिरण्यासारखं शहर. १९०२ पासून चालणाऱ्या लाल केबल कारनं टेकडीवर जायचं आणि बोटॅनिक गार्डनमधून रमतगमत खाली उतरायचं. वारा इतका, की आईची टोपी दोनदा उडाली. पार्लमेंटजवळची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल इमारत, ‘बीहाइव्ह’, फोटोत हटकून येते. आईला मात्र आवडलं ते हे, की या देशानं १८९३ मध्येच स्त्रियांना मताचा हक्क दिला. मी इंजिनिअर, त्यामुळे रमलो ‘ते पापा’ संग्रहालयाच्या पायाशी. भूकंपाचा हादरा वर पोचू नये म्हणून ही अख्खी इमारत शिसं आणि रबर वापरून केलेल्या ठोकळ्यांवर उभी आहे. हे तंत्र न्यूझीलंडमध्येच शोधलं गेलं.

चौथ्या दिवशी व्हॅन ताब्यात घेतली. ओटा, फ्रिज, रात्री पलंग होणारं टेबल. “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,” आई हसली. मग तिनं एक छोटं दार उघडलं आणि हसू मावळलं. गॅसपासून हातभर अंतरावर संडास! “इथे वरण-भात लावायचा?” तिथल्या तिथे ठरलं, तो संडास वापरायचा नाही.

व्हॅनसकट फेरीत चढलो. गाडीच्या लांबीवर भाडं ठरतं, म्हणून बुकिंग आधीच केलेलं बरं. बोटीवर गॅसचा कॉक बंद ठेवावा लागतो. साडेतीन तासांत कुक सामुद्रधुनी ओलांडून, हिरव्या डोंगरांमधल्या खाडीतून पिक्टनला पोचलो. त्या रात्री मुक्कामाच्या जागी स्वच्छतागृह होतं, पण लांब. अडुसष्ट वर्षांचे बाबा टॉर्च घेऊन दोनदा जाऊन आले. बोलले काहीच नाहीत.

पुढचा कायकौराचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात डोंगर कोसळून तो वर्षभराहून जास्त बंद होता. समुद्राचा तळ वर उचलला गेला. किनाऱ्यावरच्या खडकांवर सील ऊन खात पडलेले असतात. दुसरा मुक्काम तिथेच, समुद्राकाठी. तिथे स्वतःचा संडास असलेल्या गाड्यांनाच परवानगी होती, कारण आसपास दुसरी सोय नव्हती. ठराव मोडला.

सकाळी प्रश्न उभा राहिला. संडासाखालची पेटी बाहेरून ओढून काढायची, ‘डंप स्टेशन’वर नेऊन रिकामी करायची आणि धुवायची. मी आधी चहा घेतला, मग मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, मग हातमोजे शोधत बसलो. गावातल्या डंप स्टेशनला पोचल्यावरही ड्रायव्हरच्या सीटवरून उठेना. मागे खडखड आवाज आला म्हणून पाहिलं, तर बाबा पेटी घेऊन निघालेले.

मी धावत गेलो. “बाबा, द्या इकडे. तुम्ही कशाला?”

“आपलीच आहे ना? मग आपणच टाकायची.”

पाण्याखाली पेटी धुता धुता ते सांगू लागले. लहानपणी आमच्या वाड्याच्या मागच्या बोळातून एक बाई टोपली घेऊन रोज यायची. आजी तिला पाणी वरून ओतायची. “तिचं नाव मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे, कधी कुणी विचारलंच नव्हतं.”

हा बोळ मी पाहिला आहे. लहानपणी तिथे क्रिकेट खेळलो आहे. तो कशासाठी होता, हे मला त्या सकाळी कळलं.

क्राइस्टचर्चपर्यंत पेटीची पाळी लागली. दुसऱ्या दिवशी माझी, मग बायकोची. शेवटच्या दिवशी आईनं मोजे चढवले. परत येऊन साबणानं हात धुतले आणि त्याच ओट्यावर वरण-भाताचा कुकर लावला.