बादलीभर पाझर

कुणी आपल्या खाजगी तळ्याचा बांध बघायला बोलावलं, की मी आधी बांधावर चढत नाही. ओढ्याच्या कडेनं खाली चालत जातो आणि पाण्याच्या वाटेत कोण राहतं ते बघतो. मावळातल्या एका बांधाखाली चार घरं होती, एका अंगणात पाळणा टांगलेला. बांधाची उंची जेमतेम सात मीटर. 2021 चा धरण सुरक्षा कायदा दहा मीटरच्या आतल्या बांधांना लागू होत नाही. त्या पाळण्याला मात्र सात मीटर पाणी फार होतं.

बांधाच्या पायथ्याशी ओल होती. मालक म्हणाले, "साहेब, पाझर होता, पण काळी माती ठोकून बंद केलाय." हीच चूक मला सगळ्यांत जास्त भिववते. मातीचा बांध झिरपणारच. तोंड बुजवलं की पाणी आत तुंबतं, बांध फुगतो आणि पाणी दुसरीकडून माती घेऊन बाहेर पडतं. हातभर पलीकडे तशी धार लागलीच होती. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली. त्यातलं पाणी बाटलीत घेऊन जीपच्या बॉनेटवर ठेवलं. पाव तासानं तळाशी नखाएवढा गाळ बसला. तो बांधाच्या पोटातला होता.

सांडव्यात वाळूच्या गोण्या रचलेल्या. अर्धा मीटर पाणी जास्त साठतं, उसाला दोन पाळ्या जास्त मिळतात. उन्हाळ्यातल्या दोन पाळ्यांची किंमत मला कळते. मीही शेतकऱ्याचाच मुलगा. पण सांडवा अडला आणि पाणी माथ्यावरून गेलं, तर मातीचा बांध काही तासांत वाहून जातो. 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हापासून 'पावसाळ्यानंतर बघू' हे शब्द मी तोंडातून काढत नाही.

गोण्या त्याच संध्याकाळी काढायला लावल्या. तळं उतरवलं, ठोकलेली माती उकरली. ओलीवर आधी वाळू, मग खडी, वर दगड असा थर दिला. पाणी निघावं, माती अडावी. खाली पन्हळ बसवली.

बादली मी खालच्या घरातल्या मुलाकडे दिली. परवा रात्री धो धो पावसात त्याचा फोन आला. "काका, पन्नास सेकंद. पाणी नितळ दिसतंय."

"बाटलीत भरून ठेव," मी म्हणालो, "पाव तासानं तळ बघ आणि परत फोन कर. मी जागा आहे."